दुपारीच बंद पडणारं मशीन, रॅमचा वाढवलेला वेग आणि जादा मोजलेले पैसे

तक्रार अशी होती. एडिटिंगचं मशीन सकाळी नीट चालतं आणि जेवणं झाल्यावर बिघडतं. निळी स्क्रीन येते, तिच्यावर कधी 'मेमरी मॅनेजमेंट' लिहिलेलं असतं, कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. कधी काहीच न सांगता मशीन रीस्टार्ट होतं. एक्स्पोर्ट पूर्ण झालाच, तर व्हिडिओत मधेच हिरवे चौकोन उमटलेले असतात. मग आठ-दहा दिवस बरे जातात, माणूस निर्धास्त होतो, आणि पुन्हा तेच सुरू.

मशीन माझ्या भाच्याचं. सेलूत त्याचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे आणि मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, त्यामुळे फोन कुणाला येणार हे ठरलेलंच. "मामा, पुन्हा निळं व्हायलंय बघा. सकाळपासून तिसऱ्यांदा." तो पॅसेंजरमध्ये मांडीवर कॅबिनेट घेऊन यायचा, मी रात्रभर तपासायचो, काही सापडायचं नाही. तीनदा मी ते मशीन 'काही नाही, ठीक आहे' म्हणून परत पाठवलं. चूक माझी होती, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. लग्नसराई आणि कडक ऊन आपल्याकडे एकाच वेळी येतात. या दुखण्याचे रुग्ण मला एप्रिल-मेमध्ये दरवर्षी भेटतात.

मशीनची कुंडली: रायझन 5 3600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड वेगळं. रॅम 3600 वेगाची, सीएल 18 (म्हणजे मागितल्यावर पहिला डेटा द्यायला लागणारे ठोके), आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक. पुढच्या वर्षी काम वाढलं तेव्हा त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या आणखी दोन स्टिक टाकल्या. एकूण 32 जीबी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा वाढवलेला वेग लागू करणारी सोय) चालू.

आधी रॅम सोडून बाकीचं

अशा तक्रारीत मी पहिला संशय विजेवर घेतो. लाइट जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं, कूलरची मोटर त्याच बोर्डावर असली की ती सुरू होताना ट्यूबसुद्धा लवते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा वेळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतणं हाच पहिला इलाज. भाच्याकडे तेही केलं, यूपीएसची बॅटरी बदलली, कूलर दुसऱ्या पॉइंटवर घेतला. फरक नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसायची. ती पाहून बरेच जण एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, बदलायला सांगतात. मीही बदलून पाहिला. पण मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. कशामुळे, हे सांगत नाही. वीज गेली तरी 41, रॅममुळे गारठलं आणि बटण दाबून बंद केलं तरी 41. नवा एसएमपीएस घालून पैसे गेले, निळी स्क्रीन तशीच राहिली.

मग रॅमच्या स्टिक काढल्या, सोनेरी पट्ट्यांवरून साधं खोडरबर फिरवलं, स्लॉट ब्रशनं झाडले आणि स्टिक पुन्हा दाबून बसवल्या. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. ही मिटली नाही.

सुगावा लागला तो तारखेवरून

एकदा लोडशेडिंगनंतर भाच्याचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. "मामा, बँकेची साइट उघडंना. सर्टिफिकेट चुकीचं म्हणायलंय." मी म्हटलं, घड्याळ बघ. तारीख पाच वर्षं मागची दाखवत होती. म्हणजे बायोसचा सेल संपलेला. तो गोल सीआर2032, तीन व्होल्टचा. सेल संपलेला असेल, तर लाइट गेली किंवा भिंतीवरचं बटण बंद केलं की बोर्ड सगळं विसरतो. तारीख विसरतो, तसंच बायोसमधलं एक्सएमपीसुद्धा विसरतो आणि रॅम मूळच्या सावकाश वेगावर येते. या किटसाठी तो वेग 2133 होता.

मी विचारलं, "मागच्या वेळी मशीन आठ दिवस नीट चाललं, त्याच्या आधी लाइट गेली होती का?"

तो गप्प. मग म्हणाला, "गेली होती. पण मामा, नंतर मी एक्सएमपी परत चालू करतो ना. त्याशिवाय रॅमचा पैसा वसूल कसा व्हायचा?"

झालं. लाइट गेली की एक्सएमपी बंद, मशीन ठणठणीत. तो टास्क मॅनेजर उघडून बघायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीपुढे 2133 दिसलं की जीव खालीवर व्हायचा, बायोसमध्ये जाऊन 3600 करायचा आणि दुखणं परत यायचं. दोन उन्हाळे आम्ही ज्याला 'आपोआप बरं होणं' म्हणत होतो ते लोडशेडिंगचे उपकार होते.

तुमच्याकडे असा कधी बरा कधी वाईट चालणारा पेशंट असेल, तर पहिली चाचणी हीच करा. एक्सएमपी किंवा डीओसीपी, तुमच्या बोर्डवर जे नाव असेल ते बंद करा आणि दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. खर्च शून्य. तक्रार गेली, तर दोष रॅमच्या वेगाच्या बाजूला आहे. नाही गेली, तर दुसरीकडे शोधा. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 3600 च्या जागी 1800 दिसलं म्हणून घाबरू नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते, त्यामुळे खरा ठोका निम्म्याचाच असतो.

टेस्ट कधी घ्यायची

माझ्या दुकानातली टेस्ट दरवेळी पास का झाली? मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवरून चालवायचो, फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या रात्री व्हायच्या. शटर अर्धं खाली, पंखा चालू, कॅबिनेटची बाजू उघडी. आणि मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक कार्ड रिकामं बसलेलं असतं. भाच्याकडे मात्र दुपारी तीनला, 42 डिग्रीच्या गावात, पत्र्याखालच्या खोलीत, टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट आणि त्यात एक्स्पोर्टला लागलेलं ग्राफिक कार्ड आपली सगळी गरम हवा रॅमवर सोडत बसलेलं. रोग दुपारचा आणि तपासणी रात्रीची, मग काय सापडणार?

शेवटी मीच सेलूला गेलो. दुपारी दीडला विंडोजमध्ये टेस्टमेम5 हा रॅम तपासणारा प्रोग्राम सुरू केला आणि सोबत जुन्या लग्नाचा एक्स्पोर्ट लावला. पाऊण तास काही नाही. मग एक एरर. पाच मिनिटांनी चार. त्याच मशीननं सकाळी नऊला दोन तास एकही एरर दिली नव्हती. रॅमचं तापमान बघायला कोरोनात घेतलेली कपाळाची थर्मल गन लावली, तर तिनं नुसतं 'हाय' दाखवलं. तिची हद्द माणसाच्या तापापुरतीच. काही स्टिकमध्ये सेन्सर असतो आणि एचडब्ल्यू इन्फो या प्रोग्राममध्ये आकडा दिसतो, यात नव्हता. बोट टेकवलं आणि लगेच काढलं, एवढंच माप.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची पांढरी चादर होती. सेलू-मानवत पट्ट्यात हिवाळाभर जिनिंग चालतं, हवेतला तंतू पंख्यांनी ओढला, आणि वरून कूलरची ओलसर हवा लागून त्याचा लगदा झालेला. ही जाळी मार्चमध्ये धुवा. मेमध्ये धुणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री घेणं.

रॅमची एरर मोजताना एक नियम पाळा: एक एरर म्हणजे नापास. एवढ्या तासांत एकच आली, चालतंय की, असं म्हणू नका. ती एक एरर कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओत जाऊन बसते. भाच्याच्या बाबतीत बसलीच. कार्डवरून कॉपी करतानाच फाइल बिघडली, त्यानं खात्री न करता कार्ड फॉरमॅट केलं आणि हळदीची सात मिनिटं हिरव्या चौकोनांत गेली. नवरीच्या वडिलांसमोर तो कसा उभा राहिला, ते त्यालाच माहीत.

असं का होतं

रॅमची एकेक पेशी म्हणजे इवलासा कपॅसिटर, आणि तो पाझरणाऱ्या रांजणासारखा असतो. भरून ठेवलं तरी हळूहळू रिता होतो, म्हणून रॅमला प्रत्येक पेशी साधारण 64 मिलिसेकंदांत एकदा तरी पुन्हा भरावी लागते. उन्हाळ्यात रांजण जास्त पाझरतो, तसं तापमान वाढलं की पेशीही लवकर रिती होते. शिवाय वेग वाढवला की वाचायला आणि लिहायला मिळणारा वेळ कमी होतो, सिग्नलला चुकायला जागा उरत नाही. थंड खोलीत जेमतेम जमणारं काम गरम खोलीत जमत नाही.

आता त्या 3600 आकड्याबद्दल. डीडीआर4 चं प्रमाण ठरवणाऱ्या जेडेकच्या यादीत सर्वांत वरचा वेग 3200 आहे, व्होल्टेज 1.2. त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉकिंग. एक्सएमपी ही इंटेलनं 2007 मध्ये डीडीआर3 च्या काळात आणलेली सोय. स्टिकमध्येच वेग, टायमिंग (रॅमच्या एकेका कामाला किती ठोके द्यायचे ते आकडे) आणि व्होल्टेज लिहून ठेवलेलं असतं, बायोसमध्ये एक बटण दाबलं की लागू होतं. त्यात व्होल्टेज बहुतेक वेळा 1.35 असतं. बटण एकच असल्यामुळे लोकांना वाटतं हा रॅमचा मूळचा वेग आहे. पण रॅमला झेपलं तरी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला झेपायला हवं ना. रायझन 3000 मालिकेसाठी एएमडीनं दिलेली हमी अशी: दोन स्टिकना 3200, चार सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिकना 2933, चार ड्युअल रँक (दोन गट असलेल्या) स्टिकना 2667. भाचा चार स्टिक 3600 वर पळवत होता.

त्यात दोन वेगवेगळे किट. एकाच नावाचे, एकाच लेबलचे असले तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, कंपन्या मधेच बदलतात. खोक्यावरची हमी त्या खोक्यातल्या दोन स्टिकपुरती असते. दोन खोकी एकत्र केली की ती हमी संपली. आपल्याकडे हे फार होतं, कारण आपण आधी परवडेल तेवढं घेतो आणि बाकीचं पुढच्या सीझनला.

काय केलं

सेल बदलला, जाळी धुतली, कॅबिनेट कप्प्यातून काढून टेबलावर घेतलं. एवढ्यानं एरर कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग वेग 3200 केला, टायमिंग हातानं 16-18-18-38, व्होल्टेज 1.35 तसंच. रात्री पास. दुपारी पावणेतीनला एक एरर. नियम म्हणजे नियम. शेवटी 2933, तेच टायमिंग, आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) बोर्डवर ऑटो होतं ते 1.1 ला बांधून टाकलं. तीन दुपारी सलग टेस्ट आणि एक्स्पोर्ट सोबत चालवले. एकही एरर नाही.

रॅमचं व्होल्टेज 1.4, 1.45 करून 3600 टिकवता आलं असतं का? कदाचित. पण वाढवलेलं व्होल्टेज उष्णताच वाढवतं, आणि आपलं दुखणंच उष्णतेचं. ज्याच्याकडे एसी आहे आणि हौस आहे त्यानं करावं.

बायोसमध्ये खेळताना बोर्ड सुरूच झाला नाही, तर घाबरू नका. तीन-चारदा स्वतःच चालू-बंद होऊन तो बहुधा जुन्या वेगावर येतो. नाही आला, तर मशीनची पिन काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, किंवा बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवा.

एक काम लोक विसरतात. बिघडलेल्या रॅमवर विंडोज महिनोन्महिने चाललं असेल, तर त्याच्या स्वतःच्या फाइलीही बिघडलेल्या असू शकतात. रॅम दुरुस्त झाली तरी निळी स्क्रीन येत राहते आणि माणूस परत रॅमला शिव्या देतो. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा, आधी डिझमची रीस्टोअर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, चालवा. आणि कॅमेऱ्याचं कार्ड कॉपी झाल्यावर, फाइली तपासल्याशिवाय फॉरमॅट करू नका. हा भाग मी भाच्याला दोनदा सांगितला, त्यानं तिसऱ्यांदा स्वतःच म्हणून दाखवला.

मग जादा पैसे कशाला दिले

भाच्याचा हा प्रश्न रास्त होता. "3600 ची रॅम घेऊन 2933 वर चालवायची, मग साधी 2666 ची का नाही घेतली?"

त्याच्यासमोरच मोजलं. चाळीस मिनिटांचा एकच प्रोजेक्ट, सकाळच्या थंड वेळी. 3600 वर 22 मिनिटं 10 सेकंद, 2933 वर 22 मिनिटं 50 सेकंद. मग दोन स्टिक काढल्या, 16 जीबीवर तोच प्रोजेक्ट, मागे ब्राउझर आणि फोटोशॉप उघडं, जसं त्याच्याकडे नेहमी असतं. पंचवीस मिनिटं होऊन गेली आणि टाइमलाइन सरकवताना हिसके बसायला लागले ते वेगळं. तो काही बोलला नाही, स्टिक परत बसवायला लागला.

हिशेब कागदावरही करता येतो. सीएलचा आकडा घ्या, 2000 नं गुणा, वेगानं भागा, म्हणजे उत्तर नॅनोसेकंदात मिळतं. 3600 सीएल 18 चे येतात 10. 3200 सीएल 16 चेही 10. म्हणजे खोक्यावर आकडा मोठा, पण पहिला डेटा यायला लागणारा वेळ तेवढाच. स्वस्त 3200 सीएल 22 चे 13.75 येतात, तिथं फरक खरा आहे. नुसता वेग बघून रॅम घेणं म्हणजे नुसता रंग बघून बैल घेणं.

खरा मोठा फरक पडतो तो दोन चॅनलनं, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांनी. 3200 ची एकच स्टिक सेकंदाला 25.6 जीबीपर्यंत देते, दोन स्टिक बरोबर स्लॉटमध्ये असल्या की 51.2. दुकानदार 16 जीबीची एक स्टिक टाकून देतात, 'पुढं वाढवता येईल' म्हणून. त्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या आणि चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी लावलेल्या स्टिक मी दर महिन्याला बघतो.

महाग रॅम घेऊनही काहीच पदरात पडत नाही असे दोन प्रकार माझ्याकडे नेहमी येतात. एक, एच410 बोर्डावर आय5-10400 आणि 3600 ची रॅम. त्या जोडीत रॅम 2666 च्या वर जातच नाही, बायोसमध्ये कितीही शोधा. दुसरा, रायझन 3000 वर 4000 ची रॅम. 3600 पर्यंत प्रोसेसरच्या आतला इन्फिनिटी फॅब्रिक (आतले भाग एकमेकांना जोडणारा रस्ता) रॅमच्या ठोक्याला ठोका देतो. त्याच्या वर गेलं की बोर्ड बहुधा निम्म्या प्रमाणावर उतरतो आणि उशीर उलट वाढतो. पैसे जास्त, काम सावकाश.

मग वेगवान रॅम कुणी घ्यावी? ज्याच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्यानं. रायझन 5600जी सारख्या प्रोसेसरमधलं ग्राफिक रॅममधूनच जेवतं. तिथं 2666 वरून 3600 वर गेलं की गेमिंगमध्ये फरक डोळ्यांनी दिसतो आणि तो पैसा वसूल होतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो: कार्ड घेणार असशील तर रॅमवर वाचव, कार्ड घेणार नसशील तर रॅमवर घाल. लाइटवाल्या स्टिकवर मात्र दोघांनीही घालू नये. त्या लाइटनं काम एका सेकंदानंही लवकर होत नाही.

2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून माझं हे मत आणखी पक्कं झालंय. हाताशी जे आहे ते जपून चालवा.

भाच्याला आता डीडीआर5 चं नवं मशीन हवंय. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय की पहिल्याच दिवशी दोन मोठ्या स्टिक घे, नंतर वाढवायच्या भानगडीत पडू नको. रायझन 7000 वर चार स्टिक लावल्या की एएमडीची हमी 3600 वर येते, दोन स्टिकना ती 5200 आहे. डीडीआर5 मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिपही स्टिकवरच असते, म्हणजे उष्णतेचं आणखी एक कारण तिथंच बसलेलं. आणि पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन कितीतरी मिनिटं काळीच राहते. बोर्ड तेव्हा रॅमची तालीम घेत असतो. मेलं समजून पिन काढायची नाही, आणि लाइट जायच्या वेळेला हे काम काढायचं नाही.

जुन्या मशीनच्या कॅबिनेटवर आतल्या बाजूनं मी एक चिठ्ठी चिकटवलीय: '2933, 16-18-18-38, 1.35. एक्सएमपीला हात लावू नये.' गेल्या मेमध्ये एका दुपारी सहज फोन केला, बाहेर 43 होतं. मागे एक्स्पोर्ट चालू होता. "मामा, बोला लवकर," म्हणाला, "संध्याकाळी मानवतला हळद आहे."